दोन तिजोऱ्यांची राणी

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतले की आम्हांला काशीचे मंदिर आणि नद्यांवरचे घाट आठवतात. पण एवढ्या दानधर्माला पैसा आला कोठून, हे आम्ही क्वचितच विचारतो.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव. पुढे बाईंनी महेश्वराहून राज्यकारभार पाहिला. फौज तुकोजी होळकरांकडे होती.

होळकरांच्या तिजोऱ्या दोन. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. त्यातून फौज व कारभार चाले. खासगी म्हणजे घरच्या स्त्रियांची वेगळी जहागीर. ती पेशव्यांनी १७३४ मध्ये सासूबाई गौतमाबाईंना दिली होती. देवळे, घाट, धर्मशाळा, विहिरी बाईंनी खासगीतून बांधल्या. दौलतीला हात लावला नाही.

रयतेवरचा साराही त्यांनी बेताचाच ठेवला. मोहिमांसाठी तुकोजी वारंवार पैसे मागत, बाई हिशेब मागत. त्यावरून दोघांत खटके उडत. तरी त्यांनी रयतेला पिळले नाही. त्यांच्याच काळात इंदूर खेड्याचे भरभराटीचे शहर झाले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई निवर्तल्या.

अंदाजपत्रक हा शब्द तेव्हा नव्हता. पण सरकारचा पैसा निराळा, आपला निराळा, आणि दान करावे ते पदरचे, हा त्यांचा धडा आम्ही बेटावरच्या मराठी घरांनीही आपल्या मुलांना द्यावा.