अज्ञान कोणाचे, दोष कोणाचा?

रोज्यात कोणी विसरून घोटभर पाणी प्यायले, तर रोजा मोडत नाही. आठवताच थांबायचे. जाणूनबुजून प्यायले तर मात्र मोडतो. कळणे आणि न कळणे यांतला हा फरक माणसाच्या साऱ्या जबाबदारीला कसा लागू होतो, याचा खोल विचार इमाम अबू हामिद गझाली यांनी केला. कोकणातले बहुतेक मुसलमान ज्या शाफई परंपरेचे, तिचेच ते थोर विद्वान.

गझालींचा जन्म १०५८ मध्ये खुरासानातील तूस इथे झाला. वडिलांनी मरताना दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या हवाली केली. जवळचे पैसे संपले तेव्हा मुले मदरशात गेली; तिथे विद्येबरोबर पोटालाही मिळे. १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक नेमले. तीनेकशे विद्यार्थी पुढे बसू लागले, कीर्ती पसरली. पण आपण हे अल्लाहसाठी करतो की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना पोखरले. १०९५ मध्ये शिकवताना जीभच वळेना. हकीम थकले. अखेर कुटुंबापुरते ठेवून बाकीचे धन त्यांनी वाटून टाकले आणि बगदाद सोडले. दुसऱ्याच वर्षी हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली: राजदरबारी जायचे नाही, राजाचा पैसा घ्यायचा नाही, वितंडवाद करायचा नाही.

स्वतःला इतके कठोर तपासणारे गझाली इतरांबाबत मात्र सावध होते. मुसलमानांतील पंथ एकमेकांना काफिर ठरवू लागले, तेव्हा ‘फैसलुत्तफरिका’ या ग्रंथात त्यांनी ही घाई रोखली. परधर्मीयांचाही विचार त्यात आहे. ज्यांच्यापर्यंत इस्लामचा संदेश पोहोचलाच नाही, ते निर्दोष. ज्यांना लहानपणापासून त्याची विकृत, खोटीच ओळख मिळाली, तेही निर्दोष. खरे काय ते नीट कळूनही ज्यांनी पाठ फिरवली, दोष त्यांचा. सत्याचा प्रामाणिक शोध घेता घेता कोणाला मृत्यू आला, तर त्यालाही क्षमा आहे.

११११ मध्ये तूसलाच त्यांचे निधन झाले. त्यांचा हा विचार आजही अंगावर जबाबदारी टाकतो. बदलापूर असो की चामटोली, शेजाऱ्याचा धर्म माणसाला पुस्तकातून कमी आणि शेजाऱ्याच्या वागण्यातून जास्त कळतो. ती ओळख बिघडली, तर न कळणाऱ्यापेक्षा कळूनही वाईट वागणाऱ्याचा हिशेब मोठा.