मॅडम कामांचे निशाण

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मला लेखणीपेक्षा सुईदोऱ्याची सवय अधिक, म्हणून मी टाळीत होते. पण मागे पुण्यास लेकीकडे गेले असता केसरीवाड्यात जतन केलेले एक जुने निशाण पाहिले होते, त्याची आठवण झाली. ते निशाण परदेशात फडकविणाऱ्या भिकाईजी कामा यांचीच हकिगत सांगते.

भिकाईजींचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईस एका सधन पारशी घराण्यात झाला. वडील सोराबजी फ्रामजी पटेल. शिक्षण अलेक्झांड्रा शाळेत झाले. १८८५ साली रुस्तम कामा या वकिलाशी विवाह झाला. सासरे खरशेदजी कामा नामांकित विद्वान. कशाची वाण नव्हती. परंतु पतीला इंग्रजी राज्य हितकारक वाटे आणि भिकाईजींना ते सलत असे. संसारात मन रमले नाही ते नाहीच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अशा घरची सून दारे लावून बसली असती तर कोणी नाव ठेवले नसते. त्या मात्र रुग्णांच्या शुश्रूषेस गेल्या, स्वतःच प्लेगने आजारी पडल्या आणि कशाबशा वाचल्या. प्रकृती सुधारावी म्हणून १९०२ साली विलायतेस गेल्या, त्या परतल्या तेहतीस वर्षांनी!

लंडनमध्ये दादाभाई नौरोजी व श्यामजी कृष्णवर्मा यांचा सहवास लाभला. पुढे पॅरिसमध्ये बिऱ्हाड केले. तेथे सरदारसिंह राणांसारखे देशभक्त सोबतीस होते.

ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी देशोदेशीच्या समाजवाद्यांची मोठी परिषद भरली. हिंदुस्थानच्या डोक्यावर तेव्हा इंग्रजांचे युनियन जॅक होते. भिकाईजी व राणा तेथे गेले. २२ ऑगस्ट रोजी बाई बोलावयास उभ्या राहिल्या, त्या साडी नेसून. परक्या राज्यात आपल्या लोकांची कशी उपासमार होते ते त्यांनी सांगितले आणि निशाण उलगडले. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ प्रांतांची आठ कमळे. मध्ये केशरी पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. खाली तांबड्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. ज्या देशाला जगाच्या दरबारी जागा नव्हती, त्याची ओळख त्या हातभर कापडाने करून दिली.

इंग्लंडच्या रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी त्यांच्या ठरावाला विरोध केला. पण फ्रान्सचे जाँ जोरेस पाठीशी राहिले, आणि हिंडमन हे खुद्द इंग्रज गृहस्थही! भांडण इंग्रज माणसाशी नव्हते, राज्याशी होते, हे यावरून ध्यानी यावे. ठराव मताला पडला नाही. निशाण मात्र साऱ्यांनी पाहिले.

पुढे १९०९ पासून वंदे मातरम् पत्र त्यांनी चालविले. १९१० साली सावरकर मार्सेलिसला पकडले गेले तेव्हा त्यांच्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनीही साहाय्य केले. त्याच वर्षी इजिप्तच्या राष्ट्रभक्तांच्या सभेत केवळ पुरुषच दिसले, तेव्हा देशाच्या निम्म्या माणसांना घरी ठेवून कसे चालेल, हे बाईंनी तेथेच स्पष्ट सांगितले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सरकारने त्यांना व्हिशी येथे नजरकैदेत ठेवले.

आपल्या नागपूरकरांना निशाणाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९२३ साली सिव्हिल लाइन्समधून तिरंगी झेंडा मिरविण्यास बंदी झाली. १ मेपासून १८ ऑगस्टपर्यंत झेंडा सत्याग्रह चालला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, सुभद्राकुमारी चौहान यांनीही अटक करवून घेतली. माझ्या आजेसासूबाई तेव्हा महालात राहत. मिरवणूक निघाली की त्या दाराआडून पाहत. उंबरठा ओलांडण्याचे धैर्य झाले नाही, ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखविली. म्हणून मला भिकाईजींचे अधिकच नवल वाटते. त्यांनी उंबरठा ओलांडला खरा, पण त्याचे मोल संसाराने आणि मायभूमीच्या वियोगाने चुकते केले.

अर्धांगाने खचलेल्या अवस्थेत, राजकारणात न पडण्याच्या अटीवर, नोव्हेंबर १९३५ मध्ये त्या मुंबईस परतल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी निवर्तल्या. मालमत्तेचा मोठा वाटा त्यांनी मुलींच्या अनाथाश्रमास दिला. निशाण इंदुलाल याज्ञिक यांनी गुपचूप हिंदुस्थानात आणले होते, तेच आज पुण्यास आहे.

आपल्या शिवणवर्गातील मुली कधी कधी संकोचाने म्हणतात की आम्हाला शिवणाखेरीज काही येत नाही. त्यांना मी आता ही हकिगत सांगते. भगिनींनो, पुण्यास जाल तेव्हा नारायण पेठेतील केसरीवाड्यात अवश्य जा, आणि मुलीबाळींना बरोबर न्या.