माळ ओळखणाऱ्यांच्या शोधात

एसटीत शेजारच्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली, की डाळजच्या कुठल्याही पोराला कळतं, हे माळकरी. विचारावं लागत नाही. आता कल्पना करा, तुम्ही परक्या बेटावर आहात, तुमच्या धर्माला तिथं बंदी आहे आणि आपली माणसं शोधायला तुमच्याकडे फक्त गळ्यातली एक माळ आहे. जोसेफ वाझ यांनी 1687 मध्ये श्रीलंकेत नेमकं हेच केलं.

वाझ गोव्याचे. जन्म बाणावलीचा, 1651 चा. घरची भाषा कोंकणी. 1676 मध्ये ते कॅथोलिक धर्मगुरू झाले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारं गोव्यातल्या स्थानिक माणसाला जवळपास बंदच होती. मग तिथल्याच काही धर्मगुरूंनी एकत्र राहायला सुरुवात केली. 1685 मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि त्यातून गोव्याचा ओरेटरी संघ उभा राहिला.

पण त्यांचं मन श्रीलंकेत अडकलं होतं. का, ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. कॅथोलिक माणसाचं आयुष्य सात संस्कारांनी बांधलेलं असतं: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. पण मिस्सा, पापांची क्षमा, मरणाऱ्याच्या कपाळावरचं तेल, यांना धर्मगुरूच लागतो. आणि तोही समोर, हाताच्या अंतरावर. 1658 मध्ये डचांनी पोर्तुगिजांना श्रीलंकेतून पार हुसकावलं आणि कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी घातली. म्हणजे जवळपास तीस वर्षं! तेव्हा जन्मलेली पोरं आईबाप झाली, पण मिस्सा कशी असते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

म्हणून वाझ निघाले. मजुराच्या वेशात, एका सोबत्याला घेऊन, तुतिकोरिनहून होडीनं जाफन्याला. पोचेपर्यंत आजारानं पार खंगले होते. जरा बरं वाटल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. भिक्षा हे निमित्त. माळेकडे बघून कुणाचे डोळे चमकतात का, हे ते बघत होते. असे डोळे सापडले, विश्वास बसला आणि मग रात्री, दारं लावून, गुपचूप मिस्सा सुरू झाली.

1692 मध्ये ते डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेले. तिथं राजानं त्यांना पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं. त्यांनी कैदेतच झोपडीवजा प्रार्थनाघर उभारलं. मग 1697 मध्ये देवीची साथ आली. घरचीच माणसं रोग्यांना टाकून पळत होती, तेव्हा वाझ आणि त्यांचा गोव्याहून आलेला भाचा रोग्यांना धुवत, भरवत, मेलेल्यांना पुरत राहिले. धर्म कुठला, हे विचारलं नाही. बौद्ध राजानं मग त्यांना राज्यात मोकळेपणानं काम करू दिलं.

ते तमिळ शिकले, सिंहली शिकले. गोव्याहून आणखी सोबती आले. वाझ मात्र परत गेले नाहीत. 16 जानेवारी 1711 ला कँडीतच वारले. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं.

तुमचा धर्म कुठलाही असो, या माणसाची एक गोष्ट तुम्हाला पटेल. त्यांच्याकडे सैन्य नव्हतं, पैसा नव्हता. द्यायचं होतं ते एवढंसंच: थोडी भाकर, थोडं तेल आणि डोक्यावर हात. पण हात निरोपातून पाठवता येत नाही. तो न्यावाच लागतो. आजी दवाखान्यात असताना आपण ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकतो ना? पुढच्या वेळी टाकाच, पण मग एसटी पकडा.