सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : मुंबई, १२ नोव्हेंबर १८९६, मृत्यू : मुंबई, २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक आणि निसर्गसंवर्धक होते. त्यांच्यापूर्वी भारतातील पक्ष्यांचा अभ्यास प्रामुख्याने ब्रिटिश लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या हाती होता आणि त्यावरील ग्रंथ सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे होते. सलीम अली यांनी देशातील अनेक प्रदेशांची पक्षिगणना केली, पक्ष्यांच्या जीवनक्रमाचे शास्त्रशुद्ध निरीक्षण केले आणि पक्षी ओळखण्याची विद्या सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली.

बालपण आणि शिक्षण

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी गिरगावजवळच्या खेतवाडीतील घरी सर्व भावंडांचा सांभाळ केला. त्या काळी दाट झाडीचे असलेले चेंबूर हे या कुटुंबाचे सुटीतील मुक्कामाचे ठिकाण होते.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने लहानग्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, या प्रश्नाचे उत्तर मामांना देता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेशी जुळलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले.

सेंट झेवियर्स शाळेत असताना डोकेदुखीच्या विकारामुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला. १९१३ साली ते मॅट्रिक झाले. त्यानंतर कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात मदत करण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तवोय येथे गेले. व्यवसायापेक्षा तेथील जंगलांतच त्यांचे मन अधिक रमले. १९१७ साली परतल्यावर त्यांनी दावर्स महाविद्यालयात वाणिज्याचे आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली नाही. १९१८ साली त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

बर्लिन आणि किहीम

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. शास्त्रीय प्रशिक्षणाची उणीव भरून काढण्यासाठी १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांनी त्यांना शिष्य म्हणून आनंदाने स्वीकारले. हेल्गोलँड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याची पद्धतही त्यांनी शिकून घेतली.

१९३० साली ते परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पद रद्द झालेले होते. मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडल्यास तेथे संसार थाटते आणि मग नर ते घरटे पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे विणायला घेऊन दुसरी मादी मिळवतो, हे त्यांनी दीर्घ निरीक्षणातून दाखवून दिले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या लेखाने त्यांचे नाव झाले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नव्हती. लागला होता तो वेळ, संयम आणि नोंदवही.

पक्षिगणना आणि साष्टीची नोंद

पगाराची नोकरी नसताना त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : संस्थानाने प्रवास व मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्षिगणना आपण विनामूल्य करू. त्यातून हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर इत्यादी प्रदेशांची पाहणी झाली. तेहमिना मुक्कामांत त्यांच्यासोबत असत आणि त्यांच्या इंग्रजी लेखनावरून नजर फिरवत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. त्यानंतर सलीम अली वांद्र्याला बहीण व मेहुण्यांच्या घरी राहू लागले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

याच काळात त्यांनी नात्यातील हुमायून अब्दुलअली यांच्यासह मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची सविस्तर यादी तयार केली. 'द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड साल्सेट' या नावाने ती १९३६ पासून संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः आणि १९४१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आजचे अंधेरी, बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंड हे सारे याच साष्टी बेटावर आहे. भातखाचरे, खाजण आणि टेकड्यांवरील जंगल अशा भूमीची जागा पुढे इमारतींनी घेतली. त्या भूमीवर पूर्वी कोणते पक्षी होते, कोणते टिकले आणि कोणते दिसेनासे झाले, हे ताडून पाहण्यासाठी ही यादी एक आधार ठरते. गावाजवळच्या साध्या नोंदींचे मोल कालांतराने कसे वाढते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

लेखन

१९४१ साली प्रसिद्ध झालेले 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे त्यांचे सर्वांत लोकप्रिय पुस्तक होय. तोपर्यंत स्टुअर्ट बेकर यांचे आठ खंड (१९२२-३०) हा प्रमाणग्रंथ होता. परंतु तो विद्वानांसाठी होता. सलीम अली यांनी आपल्या पुस्तकात प्रत्येक पक्ष्याचे रंगीत चित्र दिले आणि त्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेत सांगितला. पाहणाऱ्याने आधी आकार ठरवावा, मग रंग, चोच, शेपटी व आवाज पाहावा आणि पक्षी कोणत्या प्रकारच्या जागी, काय करताना दिसला हे लक्षात घ्यावे, ही ओळखण्याची रीत त्यामुळे नवशिक्यालाही साधली. जवाहरलाल नेहरूंनी या पुस्तकाची प्रत कन्या इंदिरा यांना भेट दिली होती. पुढे 'द बर्ड्स ऑफ कच्छ' (१९४५), 'इंडियन हिल बर्ड्स' (१९४९) ही पुस्तके आणि लईक फतेहअली यांच्यासह लिहिलेले 'कॉमन बर्ड्स' (१९६७) प्रसिद्ध झाले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ (१९६८-७४) हे त्यांचे सर्वांत मोठे शास्त्रीय कार्य मानले जाते. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले.

पक्षिनिरीक्षकांची परंपरा

सलीम अली यांच्या प्रभावातून हौशी निरीक्षकांचा एक वर्ग तयार झाला. सिंगापूरचे उद्योगपती लोके वान थो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आले आणि सलीम अली यांच्या सहवासात नामवंत पक्षिछायाचित्रकार झाले. झफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' हे पत्रक सुरू केले. अंधेरीहून निघणाऱ्या, आरंभी चक्रमुद्रित असलेल्या या पत्रकात देशभरातील वाचक आपल्या परिसरात दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी व शंका कळवत असत. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने संस्थेने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला.

संवर्धन आणि मतभेद

स्वातंत्र्यानंतर आर्थिक अडचणीत सापडलेल्या सोसायटीसाठी त्यांनी नेहरूंकडे साहाय्य मागितले आणि ती संस्था वाचवली. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा टिकावी, तसेच केरळातील सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पापासून वाचावी, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले.

त्यांच्या काही भूमिका वादाच्या ठरल्या. अभ्यासासाठी पक्षी मारून नमुने गोळा करणे त्यांना आवश्यक वाटे आणि स्वतः त्यांनी तसे नमुने मोठ्या संख्येने गोळा केले. भरतपूर येथे गुरांची चराई थांबवावी, असे त्यांचे मत होते. १९८२ साली तेथे चराईबंदी लागू झाल्यावर संघर्ष उफाळला आणि पोलीस गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. चराई थांबल्याने गवत माजून पाणपक्ष्यांसाठीचे मोकळे पाणी कमी होते, असे पुढे सोसायटीच्याच अभ्यासात आढळले. निरीक्षणाने मत तपासून घ्यावे, या त्यांच्याच शिकवणीला धरून असलेला हा निष्कर्ष होता.

सन्मान आणि स्मृती

भारत सरकारने त्यांना पद्मभूषण (१९५८) आणि पद्मविभूषण (१९७६) हे किताब दिले. १९६७ साली ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे पदक त्यांना मिळाले. १९७६ साली मिळालेल्या जे. पॉल गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. कर्करोगाने वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोइमतूर येथील राष्ट्रीय पक्षिविज्ञान केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ज्येष्ठ निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर हा आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिवस लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा करण्यास सुरुवात केली.