चित्रपती व्ही. शांताराम

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या माणसाचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही बंधु-भगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही प्रारंभीच देतो. दिवा ज्या घरी लावला त्या घरचा असतो खरा. परंतु त्याचा उजेड वाटेने जाणाऱ्यालाही उपयोगी पडतो. शांतारामबापूंचे जीवन हे असा एक दिवा होय.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. वडील जैन, आई हिंदू आणि घरची स्थिती बेताची. शाळा अर्ध्यावरच सुटली. हुबळीस त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात अंगमेहनत केली आणि तेथल्याच एका चित्रपटगृहात पडेल ते काम केले. पुढे बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांचा प्रवेश झाला. तेथे पडद्यामागील सर्व कामे त्यांनी हातांनी करून आत्मसात केली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये नाडलेल्या शेतकऱ्याची भूमिकाही त्यांनी केली.

१९२९ साली विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट त्यांनीच दिग्दर्शित केला. पुढल्याच वर्षी प्रभात पुण्यास आली. ‘कुंकू’मध्ये त्यांनी जरठ-कुमारी विवाहावर आघात केला, ‘माणूस’मध्ये पतित स्त्रीकडे माणुसकीने पाहिले आणि ‘शेजारी’त हिंदू-मुसलमानांचा स्नेह रंगविला. १९४२ साली प्रभात सोडून त्यांनी परळ येथे ‘राजकमल’ उभारले. या नावात वडील राजाराम व आई कमल या दोघांची स्मृती गुंफलेली आहे.

‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या चित्रपटासाठी ते नव्या चेहऱ्याच्या शोधात होते. तेव्हा त्यांची दृष्टी विजया देशमुख या तरुणीवर स्थिरावली. हीच पुढे संध्या या नावाने प्रसिद्धीस आली. चित्रपटाचा नायक पेशवाईतील शाहीर होनाजी. तो जातीने गवळी. परंतु त्याची भूपाळी साऱ्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, त्यात मराठीतर्फे हाच चित्रपट होता. त्याच वर्षी तो फ्रान्समधील कान येथील महोत्सवात गेला आणि तेथे त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. हा गौरव यंत्रापाशी कान लावून बसलेल्या कारागिरांचा होता, हे आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगार बांधवांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

‘झनक झनक पायल बाजे’ हा १९५५ चा चित्रपट नृत्यप्रधान होता. समोर गोपीकृष्णांसारखा निष्णात नर्तक आणि संध्याबाईंस तर नृत्याची रीतसर तालीम नव्हती! त्यांनी गोपीकृष्णांनाच गुरू केले, अपार कष्ट घेतले आणि त्यांच्याच बरोबरीने पडद्यावर नृत्य केले. हे यश दैवाने दिले नाही. ते घुंगरांनी सोललेल्या पावलांनी मिळविले, असे आम्ही म्हणतो.

१९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना मोकळ्या शेतावर ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली. सहा खुनी कैद्यांना विश्वासाने माणसांत आणणारा तुरुंगाधिकारी शांतारामबापूंनी स्वतः रंगविला आणि खेळणी विकणारी चंपा संध्याबाईंनी. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली; पण सुदैवाने दृष्टी वाचली. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्यास ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळाले. एका लहान संस्थानातील माणुसकीचा प्रयोग अशा रीतीने युरोपच्या रसिकांपुढे गेला. त्या पडद्यावर आमच्या मातीतील दिग्दर्शक आणि अभिनेत्री शेजारी-शेजारी उभी होती.

थोरांचे चरित्र सांगताना केवळ स्तुती करणे आम्हास मान्य नाही. बापूंचे तीन विवाह झाले. संध्याबाईंशी झालेला १९५६ चा विवाह तिसरा. ज्याने ‘कुंकू’त स्त्रीच्या मनाचा कैवार घेतला, त्याच्या संसारातील स्त्रियांच्या मनाचे काय, हा प्रश्न उरतोच. तो आम्ही झाकून ठेवीत नाही. गुण घ्यावा आणि दोष ओळखून बाजूस ठेवावा, हेच चरित्रवाचनाचे फळ.

१९७२ च्या ‘पिंजरा’त संध्याबाईंनी तमाशातील नर्तकी उभी केली, ती मराठी माणूस विसरलेला नाही. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार बापूंस लाभला. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. संध्याबाईही ऑक्टोबर २०२५ मध्ये निवर्तल्या.

आता आमच्या दिघ्याकडे वळतो. हळदीच्या रात्री आपली मुलगी मांडवात नाचली की आपण कौतुकाने पाहतो. पण तीच मुलगी नृत्य रीतसर शिकते म्हणाली की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतात. मुलगा वायरमनचे अथवा वेल्डिंगचे काम उत्तम करतो, तरी गुणगौरवाच्या दिवशी व्यासपीठावर नाव पुकारले जाते ते केवळ टक्क्यांचे. आम्ही जन्मभर टक्केच मोजले, कारण आमचा तो व्यवसायच होता. त्यामुळे त्यांची किंमत आम्ही जाणतो आणि मर्यादाही जाणतो. शाळा सुटलेल्या मुलाने जगाची पारितोषिके आणली आणि तालीम नसलेल्या मुलीने नर्तकांच्या पंक्तीत स्थान मिळविले, हे डोळ्यांपुढे असता आपण गुणांची एकच मोजपट्टी धरून बसणे योग्य नव्हे.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे : येत्या वर्षापासून गुणगौरव समारंभात दोन पारितोषिके अधिक ठेवावीत. एक हातच्या कौशल्याचे आणि दुसरे कला शिकणाऱ्या मुलीचे. रक्कम अल्प असली तरी चालेल. भरल्या सभेत तिचे नाव पुकारले जाईल आणि तिचे वडील उठून टाळी वाजवतील, एवढे झाले तरी हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.