आपल्या वसईचा आज्ञाधारक पुत्र : संत गोन्सालो गार्सिया



दर रविवारी मिस्सामध्ये आपण सारे उभे राहून एका सुरात आपल्या श्रद्धेचा अंगीकार करतो. ते आपल्याला जड जात नाही. जड जाते ते नंतरचे. घरी आई-वडिलांनी, चर्चमध्ये धर्मगुरूंनी किंवा आपल्याच मनात परमेश्वराने काही सांगितले आणि ते आपल्या इच्छेविरुद्ध असले, की आपण लगेच कारणे शोधू लागतो. आपल्या पदरी नकार आला तर विचारूच नका. सणाच्या कमिटीत नाव आले नाही, गायनमंडळात आपले गाणे घेतले नाही, मुलाच्या बाप्तिस्म्याची हवी ती तारीख मिळाली नाही, एवढ्यावरून चर्चची पायरी न चढणारी माणसे आपण पाहिली आहेत. खरे सांगायचे, तर ती आपल्यातच आहेत.

आपल्या एव्हरशाईन सिटीतील बरीच कुटुंबे बाहेरून येऊन येथे स्थायिक झाली आहेत. कोणी मुंबईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूर-केरळकडून, तर कोणी रेल्वेच्या पलीकडच्या वसईतील गावांतून. त्यामुळे वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या एका मुलाची कथा आपल्या सर्वच मुलांना ठाऊक असेल असे नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा नकार या मुलाला चर्चमधूनच मिळाला. तरी त्याने श्रद्धा सोडली नाही आणि आज्ञापालनही सोडले नाही. आज सारे जग त्याला संत गोन्सालो गार्सिया या नावाने ओळखते.

किल्ल्यातील शाळा

वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आली आणि पुढील काही वर्षांत किल्ल्याच्या तटाआड एक गजबजलेले शहर उभे राहिले. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले होते. त्यांच्यामागून येशूसंघीय धर्मगुरूंनी किल्ल्यात पवित्र येशूनामाचे चर्च व शाळा सुरू केली. गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास याच वसईत झाला. त्याचे वडील पोर्तुगीज सैनिक होते आणि आई याच मातीतली होती, असे परंपरा सांगते.

किल्ल्यातील शाळेत फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली गोन्सालो शिकला. वाचन, लेखन, प्रार्थना, वेदीवरील सेवा या सगळ्यांत तो रमला. झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते आणि तेथील मिशनकार्याच्या हकिगती वसईतही येत असत. १५७२ साली फादर गोन्साल्विस जपानला निघाले, तेव्हा त्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या गोन्सालोला बरोबर घेतले. पावसाळ्याचे दिवस, खवळलेला समुद्र आणि परत कधी येणार याचा पत्ता नाही. आज आपली मुले नोकरीसाठी आखातात किंवा परदेशात जातात, तेव्हा विमानतळावर आपला जीव कासावीस होतो. त्या माउलीचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बंद झालेले दार

जपानमध्ये गोन्सालोने सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम केले. जपानी भाषा त्याने चांगलीच आत्मसात केली. तो लोकांशी त्यांच्या भाषेत बोले, मुलांना शिकवण देई, धर्मगुरूंचे प्रवचन लोकांना समजावून सांगे. त्याच्या मनात एकच इच्छा होती : आपणही येशूसंघात जावे व व्रते घ्यावीत.

त्याला प्रवेश मिळाला नाही. त्या काळी आपल्या देशात जन्मलेल्या तरुणांना युरोपीय संन्यस्त संघांत सहजासहजी घेत नसत. गोन्सालोची योग्यता काय होती, हे पुढे जगाने पाहिले. परंतु त्या घडीला दार बंद झाले ते झालेच.

येथे आपण थोडे थांबू या. आठ वर्षे ज्यांच्यासाठी राबलो, त्यांनीच आपल्याला आपले म्हणायचे नाकारले, तर आपण काय करू? गोन्सालोला दुःख झाले, यात शंका नाही. तो तेथून निघाला आणि व्यापार करू लागला. त्यात त्याला यश आले, ओळखी वाढल्या, पैसा हाती आला. आता जुने स्वप्न विसरून सुखाने राहायला हरकत नव्हती. चर्चविषयी मनात अढी धरून बसायलाही त्याच्याकडे पुरेसे कारण होते.

त्याने दोन्ही केले नाही. वरिष्ठांचा निर्णय त्याने मानला, पण त्या निर्णयात परमेश्वराचा शेवटचा शब्द आहे, असे त्याने मानले नाही. श्रद्धा आणि आज्ञापालन यांचे नाते आपल्याला येथे दिसते. नुसते आज्ञापालन असते, तर तो निमूटपणे व्यापारी होऊन राहिला असता. नुसता उत्साह असता, तर तो भांडून, लोकांना बोल लावून दूर गेला असता. परमेश्वराने बोलावले आहे तर वाटही तोच दाखवील, हा भरवसा असल्यामुळे गोन्सालोला नकार पचवता आला आणि वाट पाहता आली.

ती वाट फिलिपाईन्समधील मनिला शहरात सापडली. तेथे फ्रान्सिस्कन मठवासी गोरगरिबांत काम करीत होते. गोन्सालोने आपला धंदा सोडला आणि संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घेतला. धर्मगुरू म्हणून त्यांना दीक्षा मिळाली नाही. साधे ब्रदर म्हणून त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेतली आणि अखेरपर्यंत ते ब्रदरच राहिले.

दुसऱ्यांचा शब्द पोहोचवणारा

१५९३ साली फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे राजदूत म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवायचे ठरविले. फादरांना जपानी येत नव्हती. दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालोंना जाण्यास सांगण्यात आले. ज्या देशातून मन दुखावून ते निघाले होते, तेथेच परत जायचे होते. ते गेले.

दुभाष्याचे काम वरवर दिसते तितके सोपे नसते. समोर एक शक्तिमान व लहरी राज्यकर्ता, आणि आपल्या तोंडून जाणाऱ्या एका चुकीच्या शब्दाने सर्वांचे प्राण जाण्याची भीती. दुभाष्याने स्वतःचे मत मध्ये घालायचे नसते, दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा पोहोचवायचा असतो. बोलणी यशस्वी झाली आणि फ्रान्सिस्कनांना क्योतो शहरात राहण्याची परवानगी मिळाली. १५९४ साली तेथे त्यांचे चर्च व मठ उभा राहिला. त्याला लागूनच त्यांनी गरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ब्रदर गोन्सालो तेथे शिकवीत, बोलत, रुग्णांची सेवा करीत.

कोणाची आज्ञा मोठी?

जपानमधील परिस्थिती मात्र नाजूक होती. हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी मिशनरींनी देश सोडावा, असा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी कडक नव्हती. पण हुकूम रद्दही झालेला नव्हता. येशूसंघीय त्यामुळे जपून, गाजावाजा न करता काम करीत. फ्रान्सिस्कन उघडपणे शिकवण देत. शिवाय पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८५ साली जपानचे मिशन येशूसंघाकडेच ठेवले होते, त्यामुळे फ्रान्सिस्कनांनी तेथे काम करावे की नाही, यावरूनही दोन्ही संघांत मतभेद होते. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या वरिष्ठांची आज्ञा पाळत होती. चर्चमध्ये मतभेद आजच सुरू झाले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवितो व मागून सैन्य, अशा अर्थाचे काहीतरी जहाजावरील एका अधिकाऱ्याने बढाईखोरपणे बोलून दाखविल्याचे हिदेयोशीच्या कानावर गेले, असे सांगतात. हिदेयोशी संतापला. डिसेंबर महिन्यात मठावर पहारा बसला आणि अटका झाल्या.

ब्रदर गोन्सालोंनी शस्त्र उचलले नाही, कोणाला चिथावले नाही, शिपायांना विरोध केला नाही. राज्यकर्त्याने शरीराला दिलेली शिक्षा त्यांनी स्वीकारली. ख्रिस्ताला सोडा, ही आज्ञा मात्र त्यांनी पाळली नाही, कारण ती देण्याचा अधिकार कोणत्याही राज्यकर्त्याला नाही. ख्रिस्ती आज्ञापालन म्हणजे जो सांगेल त्याच्यापुढे मान तुकविणे नव्हे. आपण परमेश्वराची आज्ञा पाळतो, म्हणूनच आई-वडिलांची, धर्मगुरूंची, सरकारची रास्त आज्ञा पाळतो. आणि त्याच कारणासाठी पापाकडे नेणारी आज्ञा नाकारतो. विश्वासाने घर सोडणारा अब्राहाम, देवदूताला होकार देणारी पवित्र मरिया आणि गेथशेमनी बागेत पित्याची इच्छा स्वीकारणारा प्रभू येशू यांनी हीच वाट दाखविली.

नागासाकीची वाट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. त्यांना बैलगाड्यांत घालून शहरांतून फिरविले आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे चालविले. जवळजवळ एक महिना हा प्रवास चालला. वाटेत त्यांची काळजी घेणारे आणखी दोघे भाविक पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे वेदीसेवा करणाऱ्या मुलांएवढा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडले होते. त्या दिवशी एक गोष्ट घडली, तिच्यावर आपण मनन करावे. तीन येशूसंघीयांपैकी जॉन दे गोतो व जेम्स किसाई हे दोघे तोवर संघाचे धर्मशिक्षक व मदतनीस होते. मरणापूर्वी त्यांना व्रते घेऊ देण्यात आली आणि ते येशूसंघीय म्हणून क्रूसावर चढले. गोन्सालोही तरुणपणी असेच धर्मशिक्षक होते. ज्यासाठी त्यांनी आठ वर्षे वाट पाहिली, ते या दोघांना अखेरच्या घडीला मिळाले. गोन्सालो मात्र फ्रान्सिस्कन झग्यात त्याच रांगेत उभे होते. ज्या संघाने त्यांना घेतले नव्हते आणि ज्या संघाने घेतले होते, त्या दोन्ही संघांच्या माणसांचे क्रूस एकाच टेकडीवर रोवले गेले. वाद खाली राहिला.

क्रूसांवर सर्वांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी जखडण्यात आले. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रूसावरून उपदेश केला व मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाल्यांनी प्रत्येकाच्या कुशी भेदण्यात आल्या. आपले गोन्सालो तेव्हा साधारण चाळीस वर्षांचे होते.

१६२७ साली या रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. निशिझाका टेकडीवर १९६२ साली सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन प्रार्थना केली.

आपल्यासाठी

वसईत आज संत गोन्सालोंच्या नावाने गासचे चर्च आहे, महाविद्यालय आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे येथलेच भूमिपुत्र होते. एके काळी या मातीतील मुलाला जेथे प्रवेश मिळत नव्हता, तेथे आज याच मातीतील कितीतरी मुले-मुली धर्मगुरू व धर्मभगिनी झाल्या आहेत. नकार देणाऱ्यांकडूनही चूक होऊ शकते, हे आपण मान्य करावे. अधिकारावर बसलेल्यांनी, मग ते घरात असोत, सोसायटीत असोत वा चर्चमध्ये, नाही म्हणण्यापूर्वी समोरच्याचे नीट ऐकून घ्यावे. त्यांचे आज्ञापालन येथूनच सुरू होते.

आणि ज्यांच्या वाट्याला नकार येतो, त्यांनी गोन्सालोंकडे पाहावे. आपले म्हणणे सांगायचे, विचारायचे, पुन्हा विचारायचे. एवढे करूनही दार उघडले नाही, तर मन कडू न करता जे काम हाती आहे ते करायचे. वसईच्या शाळेत मिळालेले संस्कार आणि नकार मिळालेल्या देशात शिकलेली भाषा गोन्सालोंच्या पुढे कामी आली. परमेश्वराने त्यातले काहीच वाया घालवले नाही.

या आठवड्यात आपण एक छोटी गोष्ट करू या. कोणत्या नकारामुळे आपण कोणाशी बोलणे टाकले आहे, चर्चमधले कोणते काम अर्धवट सोडले आहे, याचा शांतपणे विचार करू या आणि त्या ठिकाणी पहिले पाऊल आपण टाकू या. जमेल त्या कुटुंबांनी एखाद्या रविवारी दुपारी मुलांना घेऊन किल्ल्यात जावे. ज्या येशूनामाच्या चर्चमध्ये गोन्सालो लहानपणी गुडघे टेकत असे, तेथे मुलांबरोबर एक प्रार्थना म्हणावी आणि आपल्या शेजारच्या या मुलाची गोष्ट त्यांना तेथेच उभे राहून सांगावी.

हे परमेश्वरा, दार उघडते तेव्हा आत जाण्याचे धैर्य आणि दार बंद होते तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवण्याची कृपा आम्हांला दे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.