गोदामाला शिस्त लावणारा व्यापारी

संगणकाच्या पडद्यावर वस्तू निवडायची, पैसे भरायचे आणि दोन-चार दिवसांत ती दारात यायची, हा शहरी जीवनातला आता नित्याचा अनुभव आहे. मागवलेला निळा सदरा हिरवा निघाला, की मात्र आपला संताप होतो. ही चूक बहुधा कुठल्यातरी दूरच्या गोदामात झालेली असते. ती टाळण्यासाठी आज वेअरहाउस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर वापरले जाते. कोणता माल कोणत्या रॅकवर आहे, तो कोणी आणि कधी उचलायचा, उचललेला माल मागणीशी जुळतो की नाही, हे सारे ते पाहते. परंतु त्यामागचा विचार संगणकापेक्षा जुना आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिकागोमध्ये तो कागद, घड्याळ आणि सरकते पट्टे यांच्या बळावर अमलात आला. त्या उद्योगाचे सूत्रधार होते ज्युलियस रोझनवाल्ड.

रोझनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड येथे झाला. जर्मनीतून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचे हे कुटुंब कापडचोपडाच्या व्यवसायात होते. वडिलांचे तयार कपड्यांचे दुकान अब्राहम लिंकन यांच्या गावी होते आणि मुलाचे बालपण लिंकन यांच्या घराच्या शेजारवस्तीत गेले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ज्युलियस न्यूयॉर्कला मामांकडे कपड्यांचा धंदा शिकायला गेले. १८८५ मध्ये ते शिकागोला आले आणि पुरुषांचे तयार कपडे बनवू लागले.

त्याच सुमारास रिचर्ड सियर्स हे नाव अमेरिकेच्या ग्रामीण भागात गाजू लागले होते. मिनेसोटातील एका रेल्वे स्थानकावर काम करताना १८८६ मध्ये त्यांनी घड्याळे विकायला सुरुवात केली आणि पुढे जाडजूड कॅटलॉग छापून टपालाने माल विकणारी कंपनी उभारली. गावातल्या एकमेव दुकानदारावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला या कॅटलॉगने शहराची बाजारपेठ उघडून दिली. सियर्स जाहिरातीचे जादूगार होते. मात्र विकलेला माल वेळेवर आणि बिनचूक पोहोचवणे हे त्यांचे क्षेत्र नव्हते.

रोझनवाल्ड यांचे मेहुणे एरन नुसबॉम हे हवेच्या दाबावर कागदपत्रे वाहून नेणाऱ्या नळ्या विकण्यासाठी सियर्स यांच्याकडे गेले होते. त्या व्यवहाराऐवजी भागीदारीचा प्रस्ताव पुढे आला. १८९५ मध्ये नुसबॉम आणि रोझनवाल्ड यांनी ७५ हजार डॉलरना कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला. तेव्हा ‘सियर्स, रोबक’ची वार्षिक विक्री साडेसात लाख डॉलरच्या आसपास होती. १९०७ पर्यंत ती ५ कोटी डॉलरच्या घरात गेली.

या वाढीनेच कंपनीला संकटात लोटले. रोज हजारो पत्रे येत. एकाच पत्रात नांगराचा फाळ, मुलाचे बूट आणि बायकोसाठी शिवणयंत्र अशा वेगवेगळ्या विभागांतल्या वस्तू मागवलेल्या असत. प्रत्येक विभाग आपल्या सवडीने माल काढी. मागण्या साचत, चुकीच्या वस्तू जात, कधी एकच वस्तू पुन्हा पुन्हा पाठवली जाई. माल पसंत न पडल्यास पैसे परत, असे वचन कंपनीने दिलेले होते. त्यामुळे चुकीच्या प्रत्येक पार्सलचा भुर्दंड तिच्यावरच पडे. शिवाय परगावच्या ग्राहकाने दुकान पाहिलेले नसे; त्याच्या दृष्टीने ते पार्सल म्हणजेच कंपनी होती. ते चुकले, की विश्वास संपला.

रोझनवाल्ड यांनी हे ओळखले. अधिक माणसे नेमून किंवा कारकुनांना दटावून प्रश्न सुटणार नव्हता. कामाची रचनाच बदलणे आवश्यक होते. १९०६ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात सुमारे ४० एकर जागेवर कंपनीचे नवे संकुल उभे राहिले. खर्च सुमारे ५० लाख डॉलर झाला. आत सरकते पट्टे, घसरणी, कागद वाहणाऱ्या नळ्या आणि रेल्वेचे रूळ होते. या यंत्रणेला जीव देणारी वेळापत्रक पद्धत बसवण्याचे श्रेय मुख्यतः कारभार पाहणारे ओटो डोअरिंग यांचे. रोझनवाल्ड यांनी त्यांना अधिकार आणि पाठबळ दिले.

पद्धत सोपी होती, पण कडक. सकाळी आलेल्या टपालाचे वजन करून दिवसभरात किती मागण्या असतील याचा अंदाज बांधला जाई. प्रत्येक मागणीला एक ठरावीक वेळ दिली जाई. त्या वेळेत निरनिराळ्या विभागांतील वस्तू एकत्रीकरणाच्या दालनातल्या नेमून दिलेल्या खणात पोहोचल्याच पाहिजेत, हा नियम होता. वेळ संपली, की खण रिकामा करून जमलेला माल बांधणीकडे जाई. एखाद्या विभागाची वस्तू मागे राहिली, तर ती स्वतंत्रपणे पाठवण्याचा खर्च त्या विभागाच्या नावे पडे. त्यामुळे चूक कोणाची, हा वादच उरला नाही. पुढे १९११ मध्ये मालाची परीक्षा करणारी प्रयोगशाळाही कंपनीने सुरू केली. कॅटलॉगमध्ये लिहिले तेच ग्राहकाच्या हाती पडावे, हा तिचा हेतू.

आजचे सॉफ्टवेअर याहून फार वेगळे काय करते? खणाच्या जागी संकेतांक असलेला रॅक आला, कागदी चिठ्ठीच्या जागी हातातला स्कॅनर आला. वस्तूवरचा बारकोड मागणीशी जुळला नाही, तर यंत्र तिथेच अडवते. ही तत्काळ पडताळणी मात्र त्या काळी शक्य नव्हती. मूळ तत्त्व तेच राहिले: प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक कामाला वेळ आणि प्रत्येक चुकीला पत्ता हवा.

१९०७ च्या मंदीत जाहिरात वाढवावी की खर्च आवरावा, यावरून सियर्स आणि रोझनवाल्ड यांचे मतभेद झाले. १९०८ मध्ये सियर्स पायउतार झाले आणि रोझनवाल्ड अध्यक्ष बनले. या यशाला काळी बाजूही होती. घड्याळाच्या काट्यावर धावणारे हजारो हात अल्प वेतनाचे होते. त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. १९१३ मध्ये इलिनॉय राज्याच्या चौकशी समितीपुढे स्त्री कामगारांच्या वेतनाबद्दल रोझनवाल्ड यांना उत्तरे द्यावी लागली. १९१६ मध्ये कंपनीने कामगारांसाठी नफ्यात वाट्याची योजना आणली. गोदामाचा वेग आणि माणसाची दमछाक यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

१९२१ च्या मंदीत कंपनी बुडण्याच्या बेतात आली. तेव्हा रोझनवाल्ड यांनी सुमारे २ कोटी डॉलरची वैयक्तिक संपत्ती तिच्यामागे उभी केली आणि तिला तारले.

मिळवलेले धन त्यांनी मुक्तहस्ते वाटले, पण दानातही शिस्त सोडली नाही. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने त्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला मदत केली. स्थानिक लोकांनी पैसा, जमीन किंवा श्रम यांच्या रूपाने आपला वाटा उचलावा, ही अट होती. इमारतींचे नकाशेही ठरलेले असत. १९३२ पर्यंत १५ राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. लेखिका माया अँजेलू आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस अशाच शाळांत शिकले. रोझनवाल्ड यांचा निधीही कायम राहण्यासाठी नव्हता. त्यांच्या इच्छेनुसार १९४८ मध्ये तो संपूर्ण खर्च करून बंद करण्यात आला.

६ जानेवारी १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. सियर्सचा मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद पडला आणि २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरीही त्यांनी घालून दिलेला धडा शिळा झालेला नाही. सॉफ्टवेअर विकत घेता येते. पण ग्राहकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी कामाची घडी बदलण्याची तयारी मालकाला स्वतःच दाखवावी लागते. जाहिरात ग्राहकाला एकदा आणते. तो पुन्हा येतो की नाही, हे गोदामात ठरते.